खेड्यातला संसार आटोपशीर करायचा आहे, पहिले कशाला हात घालावा?

कोरडवाहू_आर्वी

नमस्कार मंडळी. गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. सहा एकर कोरडवाहू, कपाशीत तुरीच्या ओळी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन पोरं आणि आई.

मोठा म्हणावा असा एकही खर्च नाही, तरी पैसा टिकत नाही आणि वेळही पुरत नाही. चार मोबाइलचे रिचार्ज, टीव्हीची आणि गाडीची किस्त, एका खासगी कंपनीची आठवडी किस्त, किराण्याच्या पुड्या, आणि काही ना काही आणायला एक दिवसाआड तालुक्याला चक्कर. रात्री जेवण झालं की जो तो आपापल्या फोनमध्ये. आईचं म्हणणं, वर्षाचा दाणा कोठीत असला की अर्धी धावपळ थांबते. पटतं, पण तुरीला होळीच्या सुमारास भुंगा लागतोच.

साधं राहण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेलं असतं: वापरात नाही ते टाकून द्या. इथे सुतळी, ताडपत्री, रिकामी चुंगडी (पोती), सगळं कधी तरी लागतंच. तेव्हा इथल्या घराला लागू पडेल असं सांगा. पाच माणसांना काय आणि किती भरावं, टिकवावं कसं? कोणता खर्च आधी तोडावा? आणि बाजारभाव, हवामान सगळं फोनवरच येतं, मग फोन कमी कसा करावा?

---

दाणागोटा

आईंचं बरोबर आहे. सुरुवात कोठीपासूनच करा, कारण किराण्याच्या चकरा तिथूनच कमी होतात.

पाच माणसांसाठी अंदाज असा धरा: गहू अडीच ते तीन क्विंटल, ज्वारी एक क्विंटल, तूरडाळ ५० किलो, हरभऱ्याची डाळ आणि बेसन मिळून २० ते २५ किलो (झुणका आणि पाटवडी किती होते त्यावर कमीजास्त), मूग १० किलो, शेंगदाणा १५ किलो, जवस ५ किलो, सुकी मिरची ५ किलो, हळद अडीच किलो. रेशनचं प्राधान्य कुटुंब कार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य येतं, पाच माणसांचं वर्षाला तीन क्विंटल. ते आधी वजा करा, नाहीतर दुप्पट धान्य भरलं जातं आणि पावसाळ्यात त्यालाच कीड लागते. तेल मात्र वर्षाचं घेऊ नका. महिन्याला ५ किलो लागतं, म्हणजे १५ किलोचा पिपा तीन महिने पुरतो. एका वेळी एकच पिपा, त्याहून जास्त ठेवला तर उन्हाळ्यात तेल खवट होतं.

हे सगळं एकदम घ्यायचं नसतं. ज्वारी दिवाळीनंतर, तूर जानेवारीत, हरभरा आणि मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे खर्च आपोआप सहा महिन्यांत विभागला जातो. हळद वायगावची बघा, तुमच्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात पिकते. मिरचीला भिवापूर आहेच. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

आता भुंगा. तो कोठीत पैदा होत नाही, वावरातून येतो. शेंग पिकत आली की मादी तिच्यावर अंडी घालते आणि ती दाण्याबरोबर घरात येतात. म्हणून नुसतं झाकण घट्ट लावून काही होत नाही, कीड आतच असते आणि उन्हाची तिरीप वाढली की बाहेर पडते. उपाय दोन. पहिला, तूर अख्खी ठेवूच नका, फेब्रुवारीतच डाळ करून घ्या. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, साल निघालेल्या डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आता बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहे. क्विंटलमागे ७० किलोच्या आसपास डाळ हाती येते, म्हणजे ५० किलो डाळीसाठी ७० ते ७५ किलो तूर बाजूला काढा. चुणी ढोरांना.

दुसरा उपाय, अख्खी तूर ठेवायचीच असेल तर. आधी दोन-तीन दिवस उघड्यावर, दोन बोटं जाडीचा थर पसरून वाळवा. मग भर दुपारी काळ्या प्लास्टिकवर पातळ थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक टाका आणि कडा मातीने दाबा. आतलं तापमान ६० अंशांच्या वर गेलं की अंडी आणि अळ्या मरतात. ओली तूर मात्र अशी झाकू नका, वाफ आतच कोंडते आणि बुरशी धरते. बियाण्याच्या तुरीला हे अजिबात करू नका, उगवण जाते. तापवलेला दाणा सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मगच किलोला ५ मिली खाद्यतेल चोळून भरा. ७५ किलोला ३७५ मिली लागेल. गरम दाणा तसाच भरला की रात्री कोठीच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि वरच्या थराला गाठी होतात. घरोघरी धान्य बिघडण्याचं एक मोठं कारण हेच.

वाळलं की नाही हे कसं ओळखावं? कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दहा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. न चिकटलं म्हणजे काम झालं असं नाही, गहू-ज्वारीला १२ टक्क्यांच्या आत आणि कडधान्याला १० च्या आत यायला आणखी एक-दोन उन्हं लागतात. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबता कामा नये.

२०० लिटरच्या ड्रममध्ये दीड क्विंटल गहू मावतो. ड्रम खाण्याच्या वस्तूचाच हवा, औषधाचा किंवा रसायनाचा कितीही धुतला तरी नको. लाकडी पाटावर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. काठोकाठ भरा, रिकामी जागा म्हणजे हवा आणि हवा म्हणजे किडीचा श्वास. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून थरांमध्ये टाका. ओला पाला घालू नका, तो ओल देतो. पाल्याने बाहेरची कीड लांब राहते, आत आलेली अंडी मरत नाहीत, ते काम उन्हाचं.

पावसाळ्यात मोठा ड्रम महिन्यातून एकदाच उघडा, कोरड्या दुपारी, आणि महिन्याचं धान्य छोट्या डब्यात काढून घ्या. उघडल्यावर हात कोपरापर्यंत आत घाला. आत गरम लागलं तर कीड किंवा ओल आहे, त्याच दिवशी सगळं बाहेर काढून ऊन द्या.

---

हिशोबवही_यवतमाळ

खर्च तोडताना रक्कम पाहू नका, तो किती वेळा परत येतो ते पाहा. वहीच्या एका पानावर रोजचे खर्च लिहून त्यांना ३६५ ने गुणा, आठवड्याचे ५२ ने, २८ दिवसांच्या रिचार्जचे १३ ने. बहुतेक घरी मग सगळ्यात मोठा आकडा टीव्हीच्या किस्तीचा निघत नाही.

खर्ऱ्याचंच उदाहरण पाहा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीचं. भाऊ, तुमच्या घरी कोणी खातं की नाही ठाऊक नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आहे. तीस रुपयांचा खर्रा, दिवसाला तीन, म्हणजे वर्षाला ३२,८५० रुपये. कोरडवाहू एकराचं बियाणं-खत याच्यात बसतं. आणि तंबाखू-सुपारीने तोंड उघडेनासं होतं, कॅन्सर होतो, तो खर्च तर वेगळाच. सोडायचा असेल तर एक तारीख ठरवून पूर्ण बंद करा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणं, हे सगळं होईल. तलफ आली की पाच-दहा मिनिटांत उतरते, तेवढा वेळ भाजलेला जवस, ओवा, तीळ, बडीशेप तोंडात ठेवा. सुपारी नुसतीही नको, तीच परत खर्ऱ्याकडे नेते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे.

दुसरी गळती पेट्रोलची. तालुका २५ किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर, गाडीला एक लिटर, म्हणजे शंभराच्या वर. एक दिवसाआड चक्कर म्हणजे वर्षाला १८० फेऱ्या, १८ हजारांहून जास्त. वर चहा-नाश्ता आणि अर्धा दिवस गेला तो निराळा. दारामागे पाटी टांगा, जे संपलं ते त्यावर लिहा आणि बाजाराच्या दिवशीच सगळं आणा. बँक, कृषी केंद्र, झेरॉक्स, सगळं त्याच दिवशी. मधल्या दिवशी जायचं ते फक्त दवाखान्यासाठी किंवा मोटर बिघडली तर.

किस्तींचं म्हणाल तर प्रत्येक कर्जापुढे तीन गोष्टी लिहा: किती शिल्लक, व्याज किती, किती हप्ते उरले. दुकानदार आणि खासगी कंपन्या व्याज फ्लॅट सांगतात. दोन वर्षांच्या कर्जाला १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर २१ टक्क्यांच्या वर पडतं, कारण मुद्दल फेडत जाता तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लागतं. सावकाराचं असेल तर ते पहिले, मग आठवडी किस्तवाली कंपनी, मग गाडी-टीव्ही. बँकेशी जोडलेल्या बचत गटाचं कर्ज शेवटी ठेवलं तरी चालेल, ते स्वस्त असतं.

पण या सगळ्याच्या आधी पीककर्ज. मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं कर्ज शून्य टक्क्यात पडतं. मुदत चुकली की सवलत गेली आणि पुढच्या खरिपाचं नवं कर्जही अडकतं. आपली मिळकत कापसाच्या वेचणीनुसार दोन-तीन गठ्ठ्यांत येते आणि किस्त दर आठवड्याला जाते, हा मेळ कधीच बसत नाही. नवीन वस्तू घ्यायची तर कापूस विकल्यावर रोखीने. रोखीने जमत नसेल तर ती वस्तू या वर्षी नाही.

किराण्यात पुड्या बंद करा. चहापत्ती, शाम्पू, साबणचूर मोठ्या पाकिटात घ्या. इतकंच.

---

माजघर_अमरावती

वरचं सगळं वाचलं. आकडे बरोबर आहेत, पण तीन क्विंटल धान्य वाळवणार कोण, चाळणार कोण, निवडणार कोण? साधं राहायचं ठरवतो एक आणि त्याचं काम वाढतं दुसरीचं, असं पुष्कळ घरांत होऊन राहिलं आहे. दादा, तुम्ही हे घरात मांडाल तेव्हा कामाची वाटणी त्याच बैठकीत करा.

ड्रम धुणं, उचलणं, गच्चीवर धान्य पसरणं आणि संध्याकाळी गोळा करणं हे पुरुषांचं आणि पोरांचं काम. धान्य घरी आणण्याआधीच चाळणी यंत्रावरून काढून आणा, निवडण्याचे आठ दिवस वाचतात. दळणाचा दिवस ठरवून घ्या. गव्हाचं पीठ पंधरा दिवसांचं एकदम दळलं तरी चालतं, ज्वारीचं मात्र चार-पाच दिवसांपुरतंच दळा. शिळं झालं की पीठ कडवट लागतं, विरी जाते आणि भाकर थापताना फाटते. मग बाई म्हणते ज्वारीच नको, आणि घर पुन्हा गव्हावर येतं.

मिक्सर, गॅस, कपडे धुण्याचं यंत्र, यांना हात लावू नका. ही चैन नाही, हे वाचलेले तास आहेत. चुलीकडे परत जाणं म्हणजे साधेपणा नव्हे, तो धूर बाईच्या छातीत जातो. पऱ्हाटी आणि तुराट्या अंगणातल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्यापुरत्या जाळा. गॅस वाचवायचा तर डाळ तासभर भिजवा, मग कुकर लावा, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. भात एक उकळी येऊन अर्धवट झाला की भांडं झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळून टोपल्यात ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात आपोआप होतो. घट्ट गुंडाळलं पाहिजे आणि मधे झाकण उघडायचं नाही. उन्हाळ्यात असा भात दोन-तीन तासांत खाऊन टाका, नाहीतर आंबतो.

पवनारला विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशावाचून जगण्याचा. स्वतःचं धान्य, स्वतःची भाजी, स्वतःचं सूत. पण तिथे अनेक जण मिळून राबत होते आणि दुसरं काम डोक्यावर नव्हतं. ज्या घरात बाई सकाळी निंदायला जाते आणि दुपारी चारला परत येते, तिथे पापड, कुरड्या, शेवया, सांडगे, लोणची सगळं घरीच करा म्हणणं अन्याय आहे. वाळवणातले दोनच प्रकार निवडा, चार-पाच घरांनी मिळून एप्रिलमध्ये दोन दिवसांत उरका, बाकीचं गावातल्या गटाकडून विकत घ्या. शेवया यंत्रावरच्या घ्या.

रोज काय करायचं हा विचारही थकवतो. रात्रीचं जेवण ठरवून टाका: दोन दिवस खिचडी, दोन दिवस भाकर-पिठलं, बाकी वरण-भात. सणाला आणि पाहुणा आल्यावर काय वाढायचं ते वेगळं.

परसबागेचं कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यात वांगी, टमाटर, पालक, सांबार (कोथिंबीर) आणि कुंपणाला वाल किंवा दोडका, जुलै ते फेब्रुवारी घराला थोडीफार भाजी निघते. मार्चनंतर ओढाताण करू नका. ४५ अंशांत पालेभाजी टिकत नाही आणि पाणी माणसांनाच कमी असतं. फक्त शेवगा आणि कढीपत्ता जगवा. आंघोळीचं पाणी दिलं तरी चालतं, पण त्याच दिवशी द्या आणि कच्च्या खाण्याच्या भाजीला नको. कपड्याच्या साबणाचं पाणी रोज दिलं तर माती कडक होते.

---

मोबाइलदुरुस्ती_वाशीम

फोनबद्दल. २८ दिवसांचं पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. चार फोनचे ५२. पहिले हेच कमी करा. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, त्यामुळे आता फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली, इंटरनेट नसलेली पॅकं कंपन्यांना द्यावी लागतात आणि त्यांची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. आईंच्या साध्या फोनला तेच घाला. दुकानदार बहुतेक वेळा स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं. घरात इंटरनेट एक-दोन फोनवरच ठेवा, पोरांच्या अभ्यासाला त्याचाच हॉटस्पॉट द्या. नेट संपतं तेव्हा पाहणंही थांबतं.

यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये जाऊन ऑटोपे उघडा. कधी तरी एक रुपयात चालू केलेलं सिनेमा-मालिकांचं सदस्यत्व तिथे दर महिन्याला पैसे कापत बसलेलं सापडेल, ते रद्द करा. कर्जाच्या किस्तीचा ऑटोपे मात्र रद्द करू नका. त्याने कर्ज संपत नाही, हप्ता चुकतो आणि दंड लागतो. जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ ला फोन करून ते थांबवण्याची सेवा चालू करा, बँकेचे आणि ओटीपीचे मेसेज तरीही येत राहतात.

आता वेळ. सूचना सरसकट बंद करू नका, हा सल्ला आपल्याकडे धोक्याचा आहे. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप चालू राहिलंच पाहिजे. ते तुमच्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं. त्याला लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या आणि बॅटरी बचतीच्या यादीतून ते वगळा, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि इशारा येतच नाही. हवामानाला मेघदूत आहे. ही दोन, फोन कॉल आणि बँक, एवढ्यांच्या सूचना ठेवा, बाकी सगळ्यांच्या बंद.

व्हॉट्सॲपमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बराच डेटा तिथेच जातो आणि फोन त्यानेच भरतो. शाळेचा, गटाचा आणि शेतीचा असे तीन-चार ग्रुप वर पिन करा, बाकीचे 'नेहमीसाठी' म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडला तर गावात विचारणा होते, आर्काइव्ह केला तर कोणाला कळत नाही.

यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाका. मग उघडल्यावर समोर व्हिडिओंची रांग येत नाही, जे पाहिजे ते शोधावं लागतं. एवढ्याने पाहणं बरंच घटतं. छोट्या व्हिडिओंची ॲप काढून टाका, मर्यादा लावून उपयोग होत नाही, ती एका बोटाने वाढवता येते. बाजारभाव दिवसातून एकदाच पाहा, विकायचा माल घरात असेल तेव्हाच.

चार्जर सगळे ओसरीत एका फळीवर लावा, झोपायच्या खोलीत एकही नको. गजरासाठी शंभर-दीडशेचं घड्याळ आणा, नाहीतर 'गजर लावायचा आहे' म्हणून फोन उशाशी येतो. वेळ घड्याळावर बांधण्यापेक्षा गावाच्या रीतीवर बांधा. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तुमच्या गावात होत असेल तर प्रार्थनेला निघताना फोन फळीवर आणि जेवण होईपर्यंत तिथेच. आणि हे मोठ्यांनी केलं तरच पोरं करतात.

---

कोरडवाहू_आर्वी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, वाटणीचं एकदम बरोबर, बैठकीत तेच पहिले घेतो. दोन शंका राहिल्या. शेजारी कोठीत कीड मारायची गोळी टाकतात, कापडात बांधून. चालते का? आणि लग्नाकार्यातल्या आहेराची भांडी, टॉवेल-टोप्या, ब्लाउजपीस यांनी दोन संदुका भरल्या आहेत. त्यांचं काय करावं?

---

दाणागोटा

गोळी घरात आणूच नका. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याला उतारा नाही. कोठी झोपायच्या खोलीत किंवा लागून असली तर रात्रीतून घरातली माणसं जातात, लहान मुलं पहिले. कापडात बांधली तरी वायू बाहेर येतो. प्रशिक्षित माणसांनी, माणसं राहत नाहीत अशा गोदामात वापरायची वस्तू आहे ती, दुकानात सुटी विकण्याचीही परवानगी नाही.

शेजाऱ्यांना आजच सांगा. टाकलेली असेल तर सगळ्यांनी बाहेर यावं, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गोळीला हात लावू नये आणि पाणी तर मुळीच टाकू नये, पाण्याने वायू एकदम निघतो. गोळी काढणं जाणकारावर सोडा. कोणाला मळमळ, छातीत दडपण, दम लागणं असं वाटलं तर थांबू नका, सरळ दवाखाना, आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

---

ओसरी_चंद्रपूर

आहेराचं सांगतो. स्टीलची भांडी एकेकट्या घरात पडून राहतात आणि गावातल्या कार्यक्रमाला मात्र प्लास्टिकच्या पत्रावळ्या येतात. पाच-सहा घरांनी आपापली जास्तीची ताटं, गिलास, वाट्या काढल्या तरी दीड-दोनशे माणसांचा संच होतो. तो महिला बचत गटाकडे द्या. गटाने प्रत्येक नगावर खूण कोरून घ्यावी, वहीत मोजून द्यावं-घ्यावं, थोडी अनामत ठेवावी आणि हरवलेल्या नगाचा दर आधीच लिहून ठेवावा. दर न लिहिल्यामुळे असे संच वर्षभरात विखुरतात. घरात ताटं माणसांच्या दुप्पट ठेवा, म्हणजे तुमच्याकडे दहा. पितळेची गुंडी, गंज अशी भांडी असतील तर विकू नका, पण आंबट पदार्थासाठी वापरण्याआधी कल्हई करून घ्या.

ब्लाउजपीस आणि टॉवेल कोरे असेपर्यंतच कामाचे, संदुकीत घडीवर पिवळे पडून विरतात. यंदाच शिवून वापरात घ्या किंवा पिशव्या शिवा. टोप्या-दुपट्ट्यांच्या गोधड्या होतात.

पण येणं थांबलं नाही तर संदूक परत भरते. एकट्या घराने आहेर बंद केला की रुसवे-फुगवे होतात, म्हणून भावकीच्या बैठकीत मिळून ठरवा: कापडी आहेर देणं बंद, घेणं बंद, आणि पत्रिकेत तसं छापणं. कर्ज काढून सण-समारंभ करू नका असं गाडगेबाबा याच मुलखात गावोगाव सांगत फिरले, वडीलधाऱ्यांना ते पटवून द्यावं लागत नाही.

सुतळी-ताडपत्रीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, टाकू नका. फक्त त्यांना कामानुसार जागा द्या. पेरणीचं एका खुंटीवर, वेचणीचं दुसऱ्या, फवारणीचं सगळं घराबाहेर कुलपात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जी माणसं गेली ती विसरता येत नाहीत. औषधाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून ठेवा, म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. ताडपत्री ओली घडी केली की पहिल्याच वर्षी घड्यांवर चिरते.

आणि जुन्या चुंगड्या धान्याच्या खोलीत ठेवता का, ते पाहून घ्या. त्यांच्या शिवणीत गेल्या वर्षीची अंडी बसलेली असतात आणि नव्या दाण्याला तिथूनच कीड चढते. पोत्याच्या चुंगड्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, उलट्या करून दोन कडक उन्हं द्या आणि ओसरीत दोरीवर टांगा. प्लास्टिकच्या चुंगड्या उकळू नका, उलट्या करून झटकून उन्हात टाका.